मागून येणाऱ्याने विचारायचे असते

गेल्या उसाच्या हंगामातली गोष्ट. विजापूरला नात्यातले एक लग्न आटोपून आम्ही रात्री होटगीला परतत होतो. गाडी मुलगा चालवत होता. शेजारी मी, मागे त्याची आई आणि तिच्या मांडीवर लाडवांचा डबा. घर सात-आठ किलोमीटरवर आले असेल, तोच अंधारातून एकदम उसाची भिंत समोर उभी राहिली. पुढे ट्रॅक्टर, त्याच्यामागे उसाने शिगोशीग भरलेल्या दोन ट्रॉल्या. मागे दिवा नाही, चकाकणारी पट्टी नाही. ट्रॅक्टरवर गाणे मात्र असे लावलेले, की अर्ध्या तालुक्याला ऐकू जावे.

मुलाने हॉर्न दिला. पुन्हा दिला. मग हॉर्नवरचा हात न काढताच गाडी उजवीकडे काढली. आम्ही पहिल्या ट्रॉलीच्या बरोबरीला आलो असू, तेवढ्यात समोरून दोन दिवे दिसले आणि त्याच क्षणी, खड्डा चुकवण्यासाठी असेल किंवा आणखी कशासाठी, ट्रॅक्टरही उजवीकडे सरकला. पोराने करकचून ब्रेक दाबला आणि गाडी कशीबशी पुन्हा ट्रॉलीच्या मागे आणली. समोरचा ट्रक वाऱ्यासारखा निघून गेला. मागच्या सीटवर लाडवांचा डबा उपडा झाला होता. बराच वेळ कोणी बोलले नाही.

मग मुलगा म्हणाला, ‘‘बाबा, एवढा हॉर्न दिला. त्याला ऐकायला नको?’’

मी त्या वेळी गप्प राहिलो. उत्तर रात्री अंथरुणावर पडल्यावर आठवले आणि तेही रस्त्यावरचे नव्हे, पाण्यावरचे. ते मला चाळीसएक वर्षांपूर्वी एका बार्जवाल्याने सांगितले होते आणि सांगितले होते होटगी स्टेशनच्या फलाटावर बसून. होटगीला तलाव आहे, पण त्यात जहाजे चालत नाहीत. तेव्हा जहाजांच्या नियमांची गोष्ट होटगीच्या माणसाने सांगावी, हे वाचकांना जरा चमत्कारिक वाटेल. पण ही गोष्ट कळायला होटगीसारखी जागा नाही, असे मला अजूनही वाटते.

बाजूला काढलेली पॅसेंजर

होटगी हे जंक्शन. मुंबईहून निघालेला लोहमार्ग 1860 साली सोलापूरला पोचला आणि 1871 साली रायचूरला. पुढे होटगीहून विजापूर-गदगकडे मीटरगेजचा फाटा निघाला. आमच्या लहानपणी मुख्य मार्ग एकेरी होता, त्यामुळे होटगीच्या स्टेशनात गाड्यांचे थांबणे-सुटणे हा दिवसभराचा खेळ असे. आमचे अण्णा रेल्वेत. त्यामुळे दोन शब्द आम्हा पोरांना बाराखडीबरोबरच पाठ झाले होते. समोरासमोरून येणाऱ्या गाड्यांचे ते ‘क्रॉसिंग’ आणि मागून येणाऱ्या वेगवान गाडीला पुढे काढून देणे ते ‘प्रिसिडन्स’.

क्रॉसिंगचा कोणाला राग येत नसे. समोरून गाडी येते आहे, तर थांबायलाच हवे, हे कोणालाही पटते. राग येई तो प्रिसिडन्सचा. पॅसेंजर लूपवर घेऊन उभी करायची, खिडक्यांतून माणसे डोकी बाहेर काढणार, ‘आता कशाला थांबली?’ म्हणून विचारणार आणि वीस मिनिटांनी मागून आलेली मेल धूळ उडवत, न थांबता, पुढे निघून जाणार! आधी निघालेला मागे आणि मागून निघालेला पुढे. माणसाच्या मनाला हे मानवत नाही. आता मार्ग दुहेरी झाला, क्रॉसिंगची कटकट संपली. पण प्रिसिडन्स संपलेला नाही. रस्ता कितीही रुंद करा, एकाच दिशेने जाणाऱ्या दोघांचे वेग निराळे आहेत तोवर कोणीतरी कोणाच्या तरी पुढे जाणारच.

पण रेल्वेत हे कसे होते ते पाहा. मेलचा ड्रायव्हर पॅसेंजरला हॉर्न मारून बाजूला सारत नाही. दोघांपैकी कोणीच काही ठरवत नाही. ठरवतो तो तिसरा, कंट्रोलमध्ये किंवा स्टेशनात बसलेला. पॅसेंजर पूर्ण आत आली, तिचा शेवटचा डबा दोन रुळांमधल्या फाउलिंग मार्कच्या आत आला, सांधे बदलून पक्के झाले, की मगच मेलला सिग्नल पडतो. तोवर मेल कितीही मोठी असली, तरी सिग्नलपाशी उभी राहते.

मावशीचे यजमान आमच्याकडे उन्हाळ्यात येत. मूळचे वेंगुर्ल्याचे, नोकरी मात्र गोव्यात, मांडवीवरच्या खनिजाच्या बार्जवर. आम्ही त्यांना गोव्याचे काका म्हणायचो. संध्याकाळी अण्णांबरोबर तेही फलाटावर येऊन बसत. असेच एकदा पॅसेंजर लूपवर उभी आणि मेल धडधडत गेली. काका म्हणाले, ‘‘अण्णा, तुमचं बरं आहे. तुमच्याकडे तिसरा ठरवतो. आमच्याकडे दोघांनीच ठरवायचं आणि ते ठरवायला जीभ नाही, नुसता भोंगा.’’

मग त्यांनी मला शेजारी बसवून भोंग्याची भाषा शिकवली. मुलांना शिट्ट्या वाजवायला आवडतात, म्हणून असेल. पण ती डोक्यात पक्की बसली.

भोंग्याची भाषा

समुद्रावर जहाजांची टक्कर होऊ नये म्हणून जगभर पाळायचे जे नियम आहेत, ते 1972 साली ठरले आणि 1977 पासून अमलात आहेत. नद्या, खाड्या आणि कालवे यांसाठी निरनिराळ्या देशांनी आपापले नियम केले आहेत. तपशिलात फरक असला, तरी पुढे जाण्याविषयीचे मूळ सूत्र सगळीकडे सारखेच आहे. त्या आंतरराष्ट्रीय नियमांतला तेरावा नियम थोडक्यात असा: जो दुसऱ्याला मागे टाकून पुढे जातो आहे, त्याने दुसऱ्याच्या वाटेतून दूर राहावे.

एवढेच. वाचायला साधे वाटते. पण त्यातली खुबी हळूहळू लक्षात येते. एक म्हणजे, हा नियम इतर नियमांच्या वर आहे. एरवी शिडाची होडी आणि इंजिनाची बोट समोरासमोर आली, तर इंजिनवाल्याने बाजूला व्हायचे असते, कारण शिडाला वाऱ्याची मर्जी सांभाळावी लागते. पण वारा भरलेली शिडाची होडी एखाद्या संथ इंजिनबोटीला मागे टाकू लागली, तर तिथे शिडाची सवलत संपते. पुढे जायचे आहे ना? मग जबाबदारी तुझी. इथे मोठा-लहान, मालाचा-माणसांचा, असा भेद नाही.

दुसरे, मागून येणारा कोण, हे ठरवायची युक्ती. रात्री बोटीच्या उजव्या अंगाला हिरवा दिवा, डाव्या अंगाला लाल आणि मागे पांढरा. हे दिवे चहूकडे दिसत नाहीत. प्रत्येकाचा प्रकाश ठरलेल्या कोनातच पडतो. मागच्या पांढऱ्या दिव्याचा पंखा 135 अंशांचा. तुम्हाला समोरच्या बोटीचा हिरवाही दिसत नाही, लालही दिसत नाही, नुसता पांढरा दिसतो आहे, तर ओळखा की तुम्ही मागून येत आहात. आणि शंका असेल तर? तर नियम सांगतो, की आपणच मागून येत आहोत असे धरून चालावे. शंकेचा फायदा आपल्याला नाही, पुढच्याला!

तिसरी गोष्ट मला सर्वांत मोलाची वाटते. एकदा तुम्ही पुढे जायला निघालात, की मग बाजूला आलात, थोडे पुढे सरकलात, कोन बदलला, म्हणून तुमची जबाबदारी सुटत नाही. पूर्णपणे पुढे जाऊन, दोघांमध्ये मोकळे पाणी पडेपर्यंत ती तुमच्याच गळ्यात राहते. अर्ध्या वाटेत ‘आता तू बघ’ म्हणायची सोय नाही.

आता भोंगा. मोकळ्या समुद्रात लांबून वळसा घालता येतो. अरुंद पाण्यात ते जमत नाही. पुढच्याने थोडी जागा दिल्याशिवाय मागच्याला जाताच येत नाही. अशा ठिकाणी मागच्याने विचारायचे असते. चार ते सहा सेकंदांचा तो लांब भोंगा, सुमारे एका सेकंदाचा तो आखूड. दोन लांब आणि एक आखूड म्हणजे ‘मी तुझ्या उजवीकडून पुढे जाऊ इच्छितो.’ दोन लांब आणि दोन आखूड म्हणजे ‘तुझ्या डावीकडून.’ पुढच्याला ते मान्य असेल, तर तो उत्तर देतो: लांब, आखूड, लांब, आखूड. म्हणजे ‘ये.’ आणि उत्तर देऊन तो स्वस्थ बसत नाही. मागच्याला सुखरूप जाता यावे म्हणून जरूर ते करतो, थोडा कडेला होतो. पण त्याला पुढचे वळण दिसत असेल, समोरून कोणी येताना दिसत असेल, काही शंका असेल, तर तो निदान पाच आखूड भोंगे लागोपाठ देतो. म्हणजे ‘थांब. मला हे धोक्याचे वाटते.’

मी काकांना विचारले होते, ‘‘आणि त्यानं काहीच वाजवलं नाही तर?’’

‘‘तर मागंच राहायचं,’’ काका म्हणाले. ‘‘मुकाट्यानं. उत्तर आलं नाही, म्हणजे हो म्हटलं असं नसतं, बाळा.’’

हे वाक्य मी चाळीस वर्षे विसरलो होतो. उसाच्या ट्रॉलीने ते आठवून दिले.

पाणी ओढून घेते

कोणी म्हणेल, पाण्यावर एवढा शिष्टाचार कशाला? रस्त्यापेक्षा पाणी कितीतरी रुंद! पण पाण्याची रुंदी फसवी असते. मांडवीचे पात्र डोळ्याला विशाल दिसते. भरलेल्या बार्जला चालायला लागणारी खोल वाट मात्र त्यातली एक पट्टी. दोन्ही अंगांना गाळ. शिवाय बोटीला ब्रेक नसतो. इंजिन उलटे फिरवले, तरी शेकडो टनांचे ते धूड आपल्या मनाने बरेच अंतर पुढे जातेच. आणि सुकाणू असते मागे. डोके वळवायचे म्हणजे शेपूट बाहेर फेकावी लागते. त्यामुळे बाजूला जेवढी जागा लागेल असे वाटते, त्याहून अधिकच लागते.

आणि सर्वांत अवघड गोष्ट डोळ्यांना दिसतच नाही. घरी मुलांना हा प्रयोग करून दाखवा. कागदाचे दोन ताव हातांत उभे, समोरासमोर, चार बोटांच्या अंतराने धरा आणि मधल्या फटीत जोराने फुंकर मारा. ताव एकमेकांपासून दूर जातील असे वाटते. पण ते जवळ येतात. दोन बोटी एकमेकींना खेटून चालल्या, की त्यांच्यामधल्या चिंचोळ्या जागेतून पाणी वेगाने धावते, तिथला दाब उतरतो आणि बाहेरचे पाणी दोघींना एकमेकींकडे ढकलते. पाणी उथळ असेल, वेग जास्त असेल, तर हा ओढा आणखी वाढतो. त्यात जी लहान असते, तिचे सुकाणू ऐकेनासे होते. कधी तर ती वळून मोठीच्या तोंडासमोरच जाते. लहान बोटीच्या सारंगाने काहीही चूक केलेली नसते.

म्हणून पाण्यावरचे जाणते लोक सांगतात: वळणावर पुढे जाऊ नये, पुलाखाली जाऊ नये, जायचेच तर वेग उतरवून, मध्ये भरपूर पाणी राखून जावे. पुढे जायचे आणि त्यासाठी वेग कमी करायचा, ही गोष्ट आपल्या रस्त्यावरच्या डोक्याला चटकन पटत नाही. पण पाण्याला ती कळते.

गोव्याच्या मांडवी आणि जुवारी या नद्यांनी हा धडा पिढ्यान्‌पिढ्या गिरवला. आतल्या धक्क्यांवर लोहखनिज भरायचे, भरल्या बार्जने मुरगावकडे उतरायचे आणि रिकाम्या बार्जने पुन्हा वर जायचे. पावसाळ्यात मांडवीच्या मुखाशी आग्वादजवळ वाळूची पट्टी आणि खवळलेला समुद्र, म्हणून बार्ज कुंभारजुव्याच्या कालव्यातून जुवारीत उतरत. हा कालवा म्हणजे 17 किलोमीटरची अरुंद, वळणावळणांची वाट. काका म्हणायचे, तिथे कोणी कोणाच्या पुढे जायचे नाव काढत नसे. मुंग्यांसारखे रांगेने जायचे. ‘‘घाई असेल त्यानं आदल्या भरतीला निघावं!’’ 2012 साली सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने खाणी थांबल्या आणि नदीवरची ती गर्दी एकाएकी ओसरली. मध्ये काही काळ सुरू होऊन 2018 साली पुन्हा थांबली. काका त्याआधीच निवृत्त झाले होते आणि आता ते नाहीत. पण त्यांची रांग मला आठवते.

दोन नद्या, दोन रात्री

नियम कागदावर कितीही चांगले असोत, ते मोडल्यावर काय होते याच्या दोन गोष्टी सांगतो. दोन्ही परदेशांतल्या आहेत. पण दोन्ही इतक्या सारख्या आहेत, की वाचताना अंगावर काटा येतो.

पहिली लंडनची. 20 ऑगस्ट 1989 ची पहाट व्हायच्या आधीची वेळ. थेम्स नदीवर ‘मार्शनेस’ नावाची सहलीची बोट वाढदिवसाच्या मेजवानीला आलेल्या सुमारे 130 जणांना घेऊन चालली होती. बहुतेक सगळी तरुण मंडळी. त्याच दिशेने, मागून ‘बोबेल’ नावाचे वाळू-खडी उपसणारे मोठे जहाज समुद्राकडे निघाले होते. पुलांच्या रांगेत त्याने मार्शनेसला मागून गाठले आणि धडक दिली. बोट पाहता पाहता बुडाली. 51 जण गेले. चौकशीत निघाले ते एवढेच, की दोन्ही बोटींवर कोणी नीट पाहत नव्हते. मोठ्या जहाजाच्या सुकाणूघरातून अगदी पुढचे दिसत नव्हते आणि लहान बोटीच्या सुकाणूघरातून मागचे. मागच्याने पुढे पाहिले नाही. पुढच्याला मागून कोण येते आहे याचा पत्ता नव्हता. त्या दुर्घटनेनंतर बारा-तेरा वर्षांनी, 2002 साली, थेम्सवर बचाव-बोटींची कायमची ठाणी उभी राहिली.

दुसरी बुडापेस्टची, 29 मे 2019 च्या रात्रीची. डॅन्यूब नदी पावसाने फुगलेली. ‘हाबलेआन्य’ नावाची 27 मीटर लांबीची छोटी बोट दक्षिण कोरियातून आलेल्या 33 पर्यटकांना शहराची रोषणाई दाखवून परतत होती. दोन कर्मचारी धरून बोटीवर 35 जण. त्याच दिशेने, मागून 135 मीटर लांबीची ‘व्हायकिंग सिगिन’ ही प्रवासी नौका. मार्गारेट पुलापाशी मोठीने लहानीला मागून गाठले. काही सेकंदांत छोटी बोट पाण्याखाली. सात जण वाचले. मोठ्या नौकेच्या कप्तानाला 2023 साली न्यायालयाने निष्काळजीपणाबद्दल दोषी ठरवून साडेपाच वर्षांची शिक्षा दिली.

तीस वर्षांच्या अंतराने घडलेल्या या दोन रात्री पाहा. तीच दिशा, तोच अंधार, तोच पूल. मागे मोठा, पुढे लहान. आणि दोन्ही ठिकाणी पुढच्या बोटीवरची माणसे रोषणाई पाहत होती, गात होती, बोलत होती. त्यांना मागे डोळे नव्हते. मागून येणाऱ्यावरच जबाबदारी का टाकायची, याचे उत्तर इतके साधे आहे. मागच्याला पुढचा दिसतो, पुढच्याला मागचा दिसत नाही. ज्याला दिसते, त्याने सांभाळायचे.

आपल्या पाण्याचे काय?

हे सारे दूरदेशीचे म्हणून सोडून देता येत नाही. उजनीच्या जलाशयात जुने रस्ते गेले आणि काठच्या गावांना होडीचा जवळचा मार्ग धरावा लागला. 21 मे 2024 च्या संध्याकाळी करमाळ्याच्या बाजूच्या कुगावहून इंदापूरच्या बाजूच्या कळाशीकडे निघालेली बोट वादळी वाऱ्यात उलटली आणि सहा जण बुडाले. त्यांत दोन लहान मुले होती. एक जण पोहून काठाला लागला. त्याच वर्षी 18 डिसेंबरला मुंबईत गेटवेहून घारापुरीला निघालेल्या ‘नीलकमल’ या प्रवासी बोटीवर इंजिनाची चाचणी चालू असलेली नौदलाची एक वेगवान बोट आदळली. 15 जणांचे प्राण गेले. यांतला एकही अपघात पुढे जाण्याच्या घाईतला नव्हता. पहिला वाऱ्याचा, दुसरा सुटलेल्या वेगाचा. पण आपल्या पाण्यावर माणसे आहेत, रोज आहेत आणि त्यांच्या जिवाची व्यवस्था बरीचशी देवावर आहे, हे दोन्हींनी दाखवून दिले.

आता तर पाण्यावर वर्दळ वाढावी असेच धोरण आहे. 2016 च्या कायद्याने देशात 111 राष्ट्रीय जलमार्ग झाले. त्यांत गोव्याच्या मांडवी, जुवारी आणि तो कुंभारजुव्याचा कालवा आहे, आपल्या कोकणातल्या अनेक खाड्या आहेत आणि आमच्या तालुक्यावरून पुढे जाणाऱ्या भीमेचा कर्नाटकातून कृष्णेच्या संगमापर्यंतचा टप्पाही आहे. 1917 चा जुना कायदा जाऊन 2021 साली अंतर्गत नौकांसाठी नवा कायदा आला. यांत्रिक बोटींची नोंदणी, चालवणाऱ्याचा परवाना, दिवे, इशारे, जीवरक्षक साधने, सगळे त्यात आहे. वल्ह्याच्या साध्या होड्यांची नोंद स्थानिक स्वराज्य संस्थांनी ठेवावी, अशीही तरतूद आहे.

कायदा चांगला आहे. प्रश्न त्याच्या घाटापर्यंत पोचण्याचा आहे. सरकारने बाकी काही करायच्या आधी तीन साध्या गोष्टी कराव्यात. ज्या-ज्या जलाशयात आणि खाडीत माणसे ने-आण करणाऱ्या बोटी आहेत, तिथे प्रत्येक धक्क्यावर भोंग्यांची आणि दिव्यांची ही भाषा मोठ्या अक्षरांत, मराठीत, रंगवून लावावी. परवाना देताना ती तोंडी विचारावी. ज्याला ‘पाच आखूड’चा अर्थ सांगता येत नाही, त्याच्या हाती सुकाणू देऊ नये. आणि मागचा दिवा नसलेली बोट अंधार पडल्यावर धक्का सोडणार नाही, हे एका माणसाने उभे राहून पाहावे. याला कोट्यवधी रुपये लागत नाहीत.

हॉर्न म्हणजे काय?

आता पुन्हा आमच्या रस्त्यावर येतो. रुळांवर तिसरा ठरवतो. पाण्यावर दोघे मिळून ठरवतात. रस्त्यावर मात्र आपण असे धरून चाललो आहोत, की एकट्याने ठरवायचे आणि दुसऱ्याला कळवायचे. वर्षानुवर्षे ट्रकच्या मागे ‘हॉर्न ओके प्लीज’ वाचत आपण वाढलो. महाराष्ट्राच्या परिवहन खात्याने 2015 साली ती अक्षरे ट्रकवर रंगवायला बंदी केली, कारण त्यामुळे विनाकारण हॉर्न वाजवायला उत्तेजन मिळते. अक्षरे पुसली असतील; डोक्यातून गेलेली नाहीत. हॉर्न आपण विचारायला वाजवत नाही, बजावायला वाजवतो. ‘जाऊ का?’ असे नव्हे, तर ‘हट!’ आणि तो एकदा वाजवला, की पुढच्या सगळ्याची जबाबदारी पुढच्यावर. माझ्या मुलाने जे विचारले, ते सारा महाराष्ट्र रोज विचारतो: एवढा हॉर्न दिला, त्याला ऐकायला नको?

ऐकायला हवे, यात वाद नाही. ट्रॅक्टरवाल्याचा दोष मी झाकत नाही. मागे दिवा नाही, कानात गाणे, ट्रॉली रस्त्याच्या मधोमध. पाण्यावरचे नियमही पुढच्याला मोकळे सोडत नाहीत. त्याने आपला मार्ग आणि वेग राखावा, मागचा चुकतो आहे असे दिसले तर टक्कर टाळायला आपणही हालचाल करावी, असे त्यालाही बजावले आहे. आपल्या मोटार वाहनांच्या नियमांतही आहे, की मागचा पुढे जात असताना पुढच्याने वेग वाढवू नये. आणि मागचा लाल दिवा काही शोभेसाठी नसतो. मागून येणाऱ्याला त्याची जबाबदारी कळावी, एवढ्यासाठीच तो असतो. दरवर्षी गाळपाचा हंगाम येतो, दरवर्षी ट्रॉल्यांच्या मागे चकाकणाऱ्या पट्ट्या लावण्याच्या मोहिमा निघतात आणि दरवर्षी अंधारात कोणाचा तरी मुलगा त्या उसात घुसतो. ट्रॉली गव्हाणीला लागण्याआधी तिचा मागचा दिवा पाहिला जावा, असा साधा रिवाज पडला तर किती घरे वाचतील!

पण पुढच्याचा दोष हा मागच्याचा परवाना होत नाही. त्या रात्री ट्रॅक्टरवाल्याला आम्ही दिसत नव्हतो. आम्हाला तो दिसत होता, त्याची बंद बत्ती दिसत होती, त्याला ऐकू येत नाही हेही कळत होते. एवढे सगळे दिसूनही आम्ही गेलो. उत्तर आले नव्हते आणि आम्ही त्याचा अर्थ ‘हो’ असा लावला.

घरात, कचेरीत, रांगेतही पुढे जाण्याचे हेच आहे, असा उपदेश करण्याचा मोह मी आवरतो. रविवारच्या सकाळी चहाबरोबर एवढे बास. फक्त तरुण मुलामुलींच्या आईबापांना एक विनंती. मुलगा गाडी शिकतो, तेव्हा आपण त्याला क्लच शिकवतो, गिअर शिकवतो, घाटात गाडी कशी उभी करायची ते शिकवतो. मागे राहायला आपण शिकवत नाही. तेवढे शिकवावे.

परवा पुन्हा आम्ही त्याच रस्त्याने आलो. पुन्हा पुढे उसाच्या ट्रॉल्या. मुलाने एकदा दिवा उघडझाप केला आणि वेग उतरवून मागे राहिला. थोड्या वेळाने पुढचा रस्ता सरळ लागला. ट्रॅक्टरवाल्याने मागे वळून पाहिले, हात बाहेर काढून ‘जा’ म्हणून हलवला आणि स्वतः थोडा डावीकडे झाला. आम्ही सावकाश पुढे गेलो. जाताना मुलानेही त्याला हात केला.

मी घड्याळ पाहिले. आम्ही त्याच्यामागे चार मिनिटे थांबलो होतो. होटगीच्या लूपवर पॅसेंजर यापेक्षा कितीतरी जास्त वेळ थांबायची आणि तरी विजापूरला पोचायचीच.